कॅम्परव्हॅनचं ब्रेक ऑइल 'कायमचं' नसतं

"कॅम्पर वर्षातून दोनचारदा बाहेर पडते, तिचं ब्रेक ऑइल कशाला बदलायचं? ते सीलबंद असतं. रंग स्वच्छ दिसतोय तर हात लावू नका. कमी झालं तर थोडं इंजिन ऑइल घाला, नाहीतर एकदाच डॉट 5 टाका आणि विसरून जा." हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. (डॉट 3, 4, 5 हे ब्रेक ऑइलचे ग्रेड.) माझ्या मामेभावाने ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतलीय. मुलांना घेऊन तो आंबोली घाट उतरणार आहे. ब्रेक ऑइल बदललंस का, असं विचारलं तर त्याने उत्तर म्हणून हाच मेसेज मला पाठवला!

इंजिन ऑइलचा सल्ला आधी घेतो, कारण त्याने जीव जाऊ शकतो. आपल्या गाड्यांतलं ब्रेक ऑइल ग्लायकॉल-इथरचं असतं, पेट्रोलियमचं नाही. मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, ऑइलवर दाब देणारा) आणि व्हील सिलिंडर (चाकाजवळचा) यांमधली रबरं त्याच द्रवात टिकतील अशी बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात आणि मऊ पडतात. फुगलेलं रबर मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र झाकतं, मग पाय काढला तरी ब्रेक पूर्ण सुटत नाही आणि चाकं तापत राहतात. पुढे रबरानेच दगा दिला की पेडल थेट तळाला. हे त्याच दिवशी होईल असं नाही, म्हणून "मी घातलं, मला काही झालं नाही" म्हणणारे भेटतात. चुकून इंजिन ऑइल पडलंच असेल तर पेडल दाबू नका, गाडी टो करून न्या. तेल लाइनमध्ये उतरलं असेल तर सगळी लाइन धुवून रबरं आणि होज बदलावे लागतात. त्यात 'थोडं' असं काही नसतं.

आणि पातळी उतरली का, हे आधी शोधा. पॅड झिजले की ती थोडी उतरतेच. पॅड चांगले असून उतरत असेल तर गळती आहे, आणि ती वरून भरून थांबत नाही.

आता 'सीलबंद' आणि 'कमी किलोमीटर'. पॅड आणि लायनर किलोमीटरवर झिजतात, हे खरं. मोठ्या बस-ट्रकच्या एअर ब्रेकमध्ये ब्रेक ऑइलच नसतं, हेही मान्य. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं, रबरी होजमधून (नळ्यांमधून) आणि ब्रेक ऑइलच्या भांड्याच्या झाकणाच्या वाटेने, गाडी उभी असली तरी. कोकणातल्या पावसाळ्यात चार महिने झाकून ठेवलेली कॅम्पर हे काम आरामात करते. हे पाणी द्रवात विरघळतं, म्हणून रंग बदलेलच असं नाही. काळं पडलेलं ऑइल वाईट असतं, पण स्वच्छ दिसणारं चांगलं असेलच असं नाही.

अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा मानक क्रमांक 116 मध्ये हे आकड्यांत आहे. डॉट 3 चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान 205 अंश सेल्सिअस, ओलावा घेतल्यावर 140. डॉट 4 चा 230 वरून 155. म्हणजे साधारण साडेतीन-पावणेचार टक्के पाण्याने 65 ते 75 अंशांची घसरण.

घाटात याचा अर्थ काय? साडेतीन टनांची गाडी समजा 600 मीटर खाली उतरली, तर सुमारे 2 कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. 60 लिटर पाणी साध्या तापमानावरून उकळीला आणायला एवढीच लागते. थोडी इंजिन आणि हवा खातात, बाकीची ब्रेकमध्ये. आणि कॅम्पर कधी रिकामी नसते: पलंग, बॅटऱ्या, फ्रिज, 100 लिटरची पाण्याची टाकी म्हणजे आणखी 100 किलो. कॅलिपरमधलं (चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या भागातलं) ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पायाचा जोर चाकापर्यंत पोचत नाही, ब्रेक लागत नाही. थंड झाल्यावर पेडल पूर्ववत कडक होतं, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही.

डॉट 5 बद्दल थोडक्यात: ते सिलिकॉनचं असतं, डॉट 3-4 मध्ये मिसळत नाही, एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या) गाडीत तर नकोच. डॉट 5.1 वेगळं, ते ग्लायकॉलचंच.

मामेभावाला सांगितलंय तेच इथे सांगतो. मॅन्युअलमध्ये मुदत असेल ती पाळा, नसेल तर दर 2 वर्षांनी बदला. झाकणावर लिहिलेला ग्रेड, नवी सीलबंद बाटली, आणि चारही चाकांतून ब्लीडिंग (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढणं), नुसतं वरचं भांडं भरणं नव्हे. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. घाट उतरताना खालचा गिअर ठेवा.