नुसता वारा बघून बोटीत बसू नये

समुद्रातल्या बोटसफरीवरच्या लेखातलं "वारा मंद असला की बोटीत बसायला हरकत नाही" हे वाक्य अर्धवट वाटलं. आम्हा बेळगावकरांना समुद्र रोजचा नाही, आंबोली उतरून सुट्टीपुरता भेटणारा. म्हणून असं वाक्य आमच्यासारख्यांनाच जास्त धोक्याचं. पान हलत नसतानाही मोठ्या लाटा येतात. दक्षिणेकडे हजारो किलोमीटरवर झालेल्या वादळाच्या त्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला लागतात. हैदराबादची 'इन्कॉइस' ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था त्याचा वेगळा इशारा देते. वाऱ्याच्या अंदाजाबरोबर लाटेची उंचीही बघायला हवी, आणि दोन लाटांमधले सेकंदही.

दुसरं म्हणजे ओहोटी. लेखात तिचा उल्लेखच नाही! तारकर्लीजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे बोटीत बसलोय म्हणून सांगतो. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं, समोरून लाटा आत येत असतात. मग मुखाजवळच्या उथळ वाळूवर लाट उभी राहते आणि फुटते. मागे किनाऱ्यावरून बघणाऱ्याला सगळं शांतच दिसतं. पौर्णिमा-अमावास्येला तिथे साधारण दुपारी बाराच्या आगेमागे भरती असते, म्हणजे दोन-तीनच्या सुमाराला ओहोटी ऐन जोरात. आणि आपली मंडळी बोटीकडे निघतात केव्हा? सकाळी बेळगाव सोडून, मासे-भात हाणून, बरोबर त्याच वेळेला. जुने कोळी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात, अष्टमीला सहा. कालनिर्णय तर आपल्या प्रत्येक घरात टांगलेलं असतंच की.