शिखर दुपारी नको

एका लेखात डोंगरातल्या छोट्या गावासाठी एका दिवसाचा बेत दिलाय: सकाळी धबधबा, दुपारी शिखर, संध्याकाळी तळ्यावर नौकाविहार. लेख आवडला, पण शिखर दुपारी ठेवायला माझा ठाम विरोध आहे. उन्हाने तापलेली दमट हवा उतारावरून वर सरकते आणि डोंगरात विजांचे ढग बहुतेक वेळा दुपारनंतरच जमतात. अशा वेळी डोंगराच्या उघड्या धारेवर अडकणं जिवावर बेतू शकतं. पहाटे निघा, दुपार व्हायच्या आत खाली उतरा. धबधबा नंतरही बघता येईल.

नकाशावर ‘फक्त ५ किलोमीटर’ दिसतं, त्यावरही भिस्त ठेवू नका. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशोब आजही वापरतात: साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. त्यात विश्रांती धरलेली नाही. बरोबर लहान मुलं असतील तर मी सरळ दुप्पट वेळ धरते.

दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यात वारा. म्हणून खाली कितीही उकडत असलं तरी एक गरम कपडा पाठीवर हवाच. बॅटरीसुद्धा. दरीत ऊन लवकर जातं.

आणि खरं सांगू? दोन रात्री राहाच. दुसऱ्या सकाळी काहीही न ठरवता गावातून नुसतं भटकायचं, वाटाड्यालाच विचारायचं की त्याला स्वतःला कुठे जायला आवडतं. मला सगळ्यात सुंदर जागा अशाच सापडल्या आहेत.