नव्वद किलोमीटरवर अजून एक फटफटी आहे

मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो. पण ज्यांच्या घरी जुनी फटफटी उभी आहे, चालू असो नाहीतर बंद, त्यांनी शेवटपर्यंत वाचा कारण मला तुमच्याकडून काहीतरी पाहिजे आहे.

माझी जावा २५० आहे, साठच्या दशकातली. सिलेंडर एकच पण सायलेन्सर दोन, आणि गियरचा जो दांडा तोच आत दाबून मागे फिरवला की किक होते. ज्याला माहीत नाही तो माणूस गाडीभोवती दोन चकरा मारून विचारतो, किक कुठंय हिची? भंगारात घेतली होती, पिस्टन जाम, टाकीला आतून गंज. उभी करायला दीड वर्ष गेलं. त्यानंतर अकरा वर्षं चालवतोय आणि त्यातली दहा वर्षं एकट्याने. सोबत कोणी नव्हतं असं नाही, मित्र आहेत, त्यांच्या नव्या गाड्या आहेत, पण त्यांच्याबरोबर जाऊन आलो की मला दमल्यासारखं व्हायचं, ते का ते पुढे सांगतो.

आधी गेल्या वर्षीची गोष्ट.

घरापासून साठ-पासष्ट किलोमीटर गेलो होतो. गाडी मस्त सुरात चालली होती आणि एकदम अडखळायला लागली, दोनदा फट् फट् केलं आणि बंद. वीस मिनिटं बाजूला थांबलो, इंजिन गार झालं, एका किकमध्ये चालू. पाच किलोमीटर गेलो, परत तेच. मला वाटलं कचरा आलाय, कार्बोरेटर उघडला, जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) काढून फुंकला, फ्लोटची वाटी पेट्रोलने धुतली. परत चालू, परत बंद. तिसऱ्यांदा जेट काढत होतो, हात पेट्रोलने पांढरे पडले होते, आणि लांबून आवाज आला. धड्... धड्... धड्... जुनी बुलेट, ओतीव लोखंडाच्या सिलेंडरचं इंजिन. ज्याने तो आवाज ऐकलाय त्याला गाडी दिसायच्या आधी कळतं.

सत्तरीच्या आसपासचे काका. थांबले, गाडी स्टँडला लावली, नाव गाव काही विचारलं नाही. काय करतंय एवढंच विचारलं. मी सांगितलं, गरम झाली की बंद पडते, गार झाली की चालू होते. म्हणाले, "कार्बोरेटर सोड. पॉइंटचं कव्हर काढ." काढलं. "आता हळू किक मार आणि इकडे बघ." पॉइंट म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी पाडणारा छोटा स्विच. मी बघितलं तर दोन पॉइंटच्या मधे चांगली जाड निळी ठिणगी उडत होती. काका म्हणाले, "ठिणगी प्लगला पाहिजे, इथं कशाला नाचतेय? कंडेन्सर गेलाय तुझा." पॉइंटवर ठिणगी उडू न देणं हेच कंडेन्सरचं काम.

खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली. त्यात दोन पॉइंट सेट, एक प्लग, कानशीचा तुकडा, थोडी तांब्याची तार आणि बुलेटचा कंडेन्सर. मी म्हटलं काका हा जावाला बसणार नाही. म्हणाले, "बसवायचाय कुणाला, बांधायचाय." माझ्या कंडेन्सरची वायर सोडवली, त्यांचा कंडेन्सर बाहेर फ्रेमला तारेने घट्ट आवळला, रंग थोडा खरवडून अर्थिंग नीट केलं, आणि वायर पॉइंटला जोडून दिली. दहा मिनिटं. त्या बांधलेल्या कंडेन्सरवर मी घरी तर आलोच पण पुढचे दोन महिने गाडी तशीच चालवली.

मग बोलणं झालं. ती बुलेट ते एकतीस वर्षं चालवतायत. आणि राहतात कुठे तर माझ्या घरापासून नव्वद किलोमीटरवर. नव्वद! मी घरी येऊन नकाशावर दोनदा मोजलं. माझी दहा वर्षं आणि त्यांची एकतीस वर्षं, दोघं त्याच रस्त्यांवर फिरतोय, त्याच घाटात दोघांच्या गाड्या तापतायत, आणि एकमेकांचा पत्ता नाही. ते म्हणाले, "या बाजूला आता मी एकटाच उरलोय असं धरून चाललो होतो." मी पण अगदी हेच धरून चाललो होतो.

निघताना त्यांनी बुलेट चालू केली ते मी बघत राहिलो. चावी फिरवली, किक हळूहळू दाबत अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणला म्हणजे पॉइंट उघडले, मग डिकंप्रेसरचं (सिलेंडरमधला दाब सोडणारं) लिव्हर ओढून पिस्टन अगदी थोडा पुढे सरकवला, लिव्हर सोडलं, आणि मग एकच सलग किक. घाई नाही, जोर नाही. गाडी पहिल्या फटक्यात चालू. हे एकतीस वर्षांनी येतं आणि हे शिकायचं तर माणूस शेजारी उभा पाहिजे.

तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे. आपण जुन्या गाडीवाले एकमेकांना चुकीच्या पद्धतीने शोधतोय.

आपण शोधतो कसं, तर जावावाला जावावाल्याला शोधतो, बुलेटवाला बुलेटवाल्याला, आणि ज्याच्याकडे नॉर्टन किंवा बीएसएसारखी जुनी ब्रिटिश गाडी आहे तो तर बिचारा हजार किलोमीटरवर पण कोणी सापडत नाही म्हणून गप्प बसतो. पार्टसाठी हे बरोबर आहे, जावाचा पिस्टन जावावाल्याकडेच मिळणार. पण चालवायला? रस्त्यावर बंद पडल्यावर? पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, जेट, केबल, चेन, ट्यूब, ही भाषा सगळ्या जुन्या गाड्यांची एकच आहे. माझी गाडी चेकोस्लोव्हाकियाची, १९२९ मध्ये यानेचेक नावाच्या माणसाने वांडरर कंपनीकडून मोटरसायकलचं काम घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा केलं. काकांची गाडी मुळात इंग्लंडच्या रेडिचची. दोघांच्या बनावटीत काही म्हणजे काही नातं नाही, आणि तरी त्यांच्या गाडीचा कंडेन्सर माझ्या गाडीला चालला.

फरक असतात आणि ते माहीत पाहिजेत, हे पण मान्य. ब्रिटिश जुन्या गाडीला व्हिटवर्थचे पाने लागतात, त्यावरचा आकडा बोल्टच्या डोक्याचा नसून दांड्याच्या जाडीचा असतो, आपण मिलिमीटरचा पाना लावला की बोल्टची डोकी गोल करून ठेवतो. गियर उजवीकडे, ब्रेक डावीकडे. (अमेरिकेत १९७५ च्या मॉडेलपासून डावीकडे गियर सक्तीचा केला आणि मग हळूहळू सगळं जगच तिकडे गेलं.) पण दोन-चार वेगवेगळ्या गाड्या एकत्र असल्या तर दोन-चार प्रकारचे पाने एकत्र असतात हे लक्षात घ्या ना.

दुसरी चूक, आपण गाडी बघतो, चालवणारा बघत नाही. मी दोन-तीन ठिकाणी गेलो जिथे जुन्या गाड्या एकत्र येतात. गाड्या टेम्पोतून येतात, पॉलिश होतात, फोटो होतात, परत टेम्पोत चढतात. बोलणं काय तर किती ओरिजिनल, बॅज कुठला, आता किती मिळतील. मला हे मनापासून खटकतं. उभ्या गाडीचे ऑइल सील सुकतात, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल वाळून चिकट थर बसतो, टाकीत पाणी साचतं, आणि हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ते पाणी अजून ओढून घेतं आणि जुनं रबर फुगवतं. गाडी चालली तरच चांगली राहते. ज्यांनी गाड्या जपून ठेवल्या त्यांच्याबद्दल मला आदर आहे, त्यांच्यामुळे त्या आज दिसतायत, पण माझी हात जोडून विनंती आहे, महिन्यातून एकदा तरी चाळीस किलोमीटर न्या तिला.

आता नव्या गाड्यांबरोबर का दमायला होतं ते. ती मुलं वाईट नाहीत, उलट माझ्यासाठी थांबतात. पण त्यांचा वेग नव्वद-शंभर, माझ्या गाडीचा सूर पंचावन्न-साठला लागतो. त्यांना डिस्क ब्रेक, मला ड्रम, म्हणजे त्यांच्या मागे चालताना मला समोरच्यापेक्षा कितीतरी आधी ब्रेकचा विचार करावा लागतो. सगळ्यात अवघड उतार. माझी गाडी टू-स्ट्रोक, तिला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं, मी लिटरला चाळीस मिली टाकतो, आणि लांब उतारावर थ्रॉटल बंद करून गाडी गियरमध्ये सोडली तर पेट्रोल जात नाही म्हणजे ऑइल पण जात नाही आणि इंजिन मात्र फिरत असतं. तिथेच पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. म्हणून मी मधेमधे क्लच दाबून थोडा थ्रॉटल देत उतरतो. मागचा मुलगा म्हणतो दादा हा आवाज कसला करताय सारखा. जुन्या गाडीवाला हे विचारत नाही. तो स्वतःच अंतर ठेवतो, कान त्याचे आपल्या इंजिनकडे असतात, आणि आवाज बदलला तर आपल्या आधी त्याला कळतं.

जगात हे काम लोकांनी फार आधी केलंय. ब्रिटनमध्ये व्हिंटेज मोटर सायकल क्लब १९४६ ला सुरू झाला, महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि तो कुठल्या एका कंपनीच्या गाड्यांसाठी नव्हता, जुनी मोटरसायकल एवढीच अट. पुढे त्याचे भागाभागांप्रमाणे गट झाले, म्हणजे माणूस आपल्या जवळच्या गटाबरोबर फिरतो, गाडी कुठली का असेना. त्यांची बॅनबरी रन १९४९ पासून आहे, १९३१ च्या आधीच्या गाड्यांची. त्याहून जुनी, दुसऱ्या एका क्लबची पायोनियर रन, १९३० पासून, त्यात १९१५ च्या आधीच्या गाड्या ब्रायटनपर्यंत चालवत नेतात. आणि अमेरिकेत २०१० ला लोकांनी १९१६ च्या आधीच्या मोटरसायकली एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत चालवत नेल्या, पाच हजारांहून जास्त किलोमीटर! त्या मोहिमेला नाव दिलं कॅननबॉल, एर्विन बेकर या माणसाच्या टोपणनावावरून, ज्याने १९१४ मध्ये इंडियन मोटरसायकलवर साडेअकरा दिवसांत अमेरिका ओलांडली होती. शंभर वर्षं जुनं इंजिन एवढं जातं तर आपल्या साठच्या दशकातल्या गाडीला दीडशे किलोमीटर जड नाहीत. जड आहे ते एकट्याने जाणं.

आता हिशोब सांगतो, मला हा काकांना भेटल्यावर सुचला. जुन्या गाडीवर थांबत-थांबत सरासरी ताशी चाळीस पडते. नव्वद किलोमीटर म्हणजे सव्वादोन तास. सकाळी जायचं, दुपारी परत यायचं, एकूण एकशेऐंशी, नीट गाडीला आणि नीट पाठीला जमतं. मी आत्तापर्यंत समजत होतो की माझ्या नव्वद किलोमीटरच्या आतलाच माणूस माझा सोबती होऊ शकतो. पण तो पण नव्वद आला तर? मग तो एकशेऐंशी किलोमीटरवर राहत असला तरी आम्ही मध्यावर भेटतो. अंतर दुप्पट झालं म्हणजे नकाशावरचं वर्तुळ चौपट झालं. जिथे मला एक काका सापडले तिथे चार असू शकतात. एवढा मोठा प्रदेश, जुने गाडीवाले विखुरलेले, मग कोणी कोणाच्या घरी जायचं ही अट कशाला? मध्य शोधायचा.

आम्ही ते सुरू केलंय. काका आणि मी सात वेळा असं मध्यावर भेटलो. चौथ्या वेळी एक ताई आल्या, त्यांची यामाहा आरएक्स १००, स्वतः इंजिनाचं हेड उघडून कार्बन साफ करतात. एका ओळखीच्या माणसाने मला विचारलं, आरएक्स कधीपासून व्हिंटेज झाली? त्यांना मी सांगितलं, जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा तीस वर्षं पूर्ण झालेलं वाहन ऐतिहासिक धरते, ताईंची गाडी त्यात बसते, आणि समजा बसली नसती तरी मी त्यांना बोलावलं असतं. ज्याला पॉइंटचा गॅप किती ते माहीत आहे तो माझा माणूस. ताईंनीच मला दाखवलं की पॉइंटच्या कॅमला लागून एक नमद्याचा तुकडा असतो त्याला ऑइलचा एक थेंब द्यायचा असतो, नाहीतर पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप कमी होत जातो आणि आपण ठिणगीचं टायमिंग का हललं म्हणून डोकं खाजवत बसतो. अकरा वर्षांत मी तो थेंब कधी दिला नव्हता. पुस्तकात असेल, मी वाचलं पण असेल, पण बोट ठेवून दाखवल्याशिवाय ते दिसलं नाही मला.

एक वेळ मात्र फसली, तेही सांगतो. एक गृहस्थ येतो म्हणाले, गाडी चार वर्षं बंद होती ती थेट त्या दिवशी काढली, वीस किलोमीटरवर टायरची बाजू फाटली. टायर जुना झाला की खाचा दिसत असल्या तरी रबर कडक झालेलं असतं. त्यांना काही झालं नाही, पण मी त्या दिवशी फार घाबरलो होतो. म्हणून येणाऱ्याने आधी आपल्या घराजवळ तीन-चार फेऱ्या मारून यावं, टायर, ब्रेकच्या केबल आणि चेनचं लॉक (जोडकडीची क्लिप) बघून यावं, ही एकच अट आहे.

तर माझं मागणं असं. तुमच्याकडे जुनी गाडी असेल, कुठलीही, तर मला मेसेज करा. घरचा पत्ता देऊ नका, जवळचं मोठं गाव सांगा. गाडी कुठली आणि चालू आहे का. एका दिवसात जाऊन-येऊन किती किलोमीटर तुम्हाला झेपतात, खरा आकडा सांगा, पन्नास असला तरी चालेल. आणि सोबत कुठला स्पेअर आणू शकता. मी मोठा कागदी नकाशा घेतलाय, त्यावर टाचण्या लावतोय, आत्ता तीनच आहेत. गाडी बंद असेल तरी कळवा, आम्ही पाने घेऊन तुमच्याकडे येऊ, हे मी नुसतं म्हणत नाहीये, काकांनी आणि मी दोन रविवार त्यासाठीच मोकळे ठेवलेत.

आणि तुमच्याकडे गाडी नसेल पण शेजारी, मामाकडे, गल्लीतल्या गॅरेजच्या मागे कुठे ताडपत्रीखाली एखादी उभी असेल, तर त्या माणसाला ही पोस्ट वाचून दाखवा. बरेच जण फेसबुकवर नाहीत. काका पण नाहीत.

पुढच्या महिन्याचा दुसरा रविवार धरलाय, सकाळी सहाला निघायचं. जागा तुमची गावं कळल्यावर मध्य काढून ठरवू. कंडेन्सर मी दोन आणतोय, एक माझा आणि एक काकांना परत करायचा.