हलक्या कानाचा वैमानिक

‘एकदा कानात घातलेली वस्तू आम्ही परत घेत नाही.’ विक्रेत्याचं उत्तर एवढंच. खाली मात्र ‘आपला दिवस आनंदात जावो’ हे लिहायला तो विसरलेला नाही. आता, कानात घालायची वस्तू कानात बसते की नाही हे कानात न घालता कसं कळावं? हे मी त्याला लगेच उलट विचारलं. त्यावर अजून चकार शब्द नाही. म्हणजे दिवस आनंदात घालवायची जबाबदारी सर्वस्वी माझी.

वस्तू म्हणजे हेडसेट. छोटं विमान उडवताना घालतात तो. त्यातही कानांवर वाट्या चढवणारा नव्हे, तर कानाच्या भोकात फोमचे बोळे सारून बसवायचा, वजनाला नगण्य असा. मी याच्या नादी लागलो ते डोक्यापायी. माझा जुना हेडसेट अर्ध्या किलोच्या घरातला. केसांनी केव्हाच राजीनामा दिलेल्या भागावर त्याची पट्टी बरोबर बसते आणि तासाभरात तिथे खाच पाडते. त्यात मला चष्मा. चष्म्याची काडी वाटीच्या गादीखालून जाते, तिथे फट राहते आणि त्या फटीतून अख्खं इंजिन कानात शिरतं. फट बुजवायला पट्टी आवळावी, तर काडी कानशिलात रुतते. लँडिंगच्या वेळी माझ्या चेहऱ्यावर जी एकाग्रता दिसते तिचं क्लबात कौतुक होतं. ती एकाग्रता नसते, कळ असते.

बरं, काहीच न घालता उडवावं तर कानांचं वाटोळं. एका इंजिनाच्या छोट्या विमानात आवाज सहज नव्वद डेसिबलच्या पुढे जातो. कामाच्या ठिकाणच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या संस्थेचा हिशेब असा, की 85 डेसिबलमध्ये दिवसाला 8 तास चालतील, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करा. म्हणजे 94 ला फक्त 1 तास. आमच्यासारख्यांचा एक तास धावपट्टीभोवती घिरट्या घालण्यातच जातो.

तर हलका हेडसेट घ्यायचं ठरलं आणि सल्ले सुरू झाले. यात दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार नाही. एक पंथ बॅटरीवाल्यांचा. विमानाच्या नाकावरचा दोन पात्यांचा पंखा मिनिटाला 2400 फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला 80 वेळा पातं हवा कापतं. ही जी खालच्या पट्टीतली घरघर, तिच्या बरोबर उलटी लहर हेडसेट तयार करतो आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. ऐकायला छान आहे. पण वाऱ्याचा सूं सूं असा वरचा आवाज या युक्तीला फारसा दाद देत नाही. दुसरा पंथ बोळेवाल्यांचा. कान गच्च बंद करा, वरचे-खालचे सगळे आवाज बाहेर राहतील, बॅटरी नको की काही नको. दोन्ही हवं म्हणावं तर बोस कंपनीचा कानात घालायचा प्रोफ्लाइट हेडसेट आहे. वजन 128 ग्रॅम, उलट्या लहरींसकट. पण तो जेट आणि टर्बोप्रॉप (जेटसारख्या इंजिनाने पंखा फिरवणारी विमानं) यांच्या मानाने शांत कॉकपिटसाठी. आम्ही पिस्टनवाले, म्हणजे मोटारीसारख्या इंजिनाचे. आमच्याकडे शांतता इंजिन बंद पडल्यावरच येते आणि तेव्हा ती कोणालाच नको असते.

बोसवरून आठवलं. कंपनीचे संस्थापक अमर बोस 1978 मध्ये झुरिकहून विमानाने परतत होते. विमानात मिळालेल्या हेडफोनमधून इंजिनाच्या आवाजापुढे धड काही ऐकू येईना, तेव्हा त्यांनी जागेवर बसल्या बसल्या आवाजाने आवाज मारायचं गणित मांडलं. 1986 मध्ये न थांबता, वाटेत इंधनही न भरता ‘व्हॉयेजर’ विमानाने पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्यातल्या दोन्ही वैमानिकांच्या कानांवर या गणितावर बनवलेल्या हेडसेटचे नमुने होते. 1989 मध्ये तो हेडसेट विक्रीला आला. एका माणसाला वाईट हेडफोन मिळाला तर त्याने हे केलं. मला मिळाला तर मी लेख लिहितोय.

शेवटी मी बोळेवाल्यांत गेलो. वजन पन्नास ग्रॅमच्या आसपास. स्पीकर कानात नसतो, मानेमागे असतो. तिथून आवाज दोन बारीक पोकळ नळ्यांतून बोळ्यांपर्यंत येतो. टोकाला नेहमीचे दोन प्लग, ऐकायचा 6.3 मिलिमीटरचा आणि बोलायचा 5.2 चा, म्हणजे घाईत चुकीच्या भोकात जायला नकोत. (एका मित्राने मोठ्या प्रेमाने त्याचा जुना देऊ केला होता. त्याला एकच प्लग होता, कारण तो हेलिकॉप्टरचा होता. ‘मग हेलिकॉप्टर शीक,’ असं तो म्हणाला.)

आता बोळा घालायची रीत. बोळा बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा. मग विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, म्हणजे आतला वाकडा बोगदा सरळ होतो. बोळा आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत, म्हणजे अर्धा मिनिट तरी, बोटाने दाबून धरायचा. कॉकपिटमध्ये हे जमत नाही. तिथे कोपर वर केलं की ते शेजारच्याच्या नाकावर जातं. म्हणून मी पंखाजवळ उभा राहून करत होतो. उजवा कान बंद झालेला. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरलेला.

आमच्या हँगरबाहेरच्या बाकावर एक काका बसतात. ते विमान उडवत नाहीत, दुरुस्त करत नाहीत, क्लबात कोणाचे नातेवाईकही नाहीत. पण त्यांनी मत दिल्याशिवाय एकही विमान धावपट्टीला लागत नाही. ते उठून माझ्याकडे आले. पुढचा संवाद मला नंतर मेकॅनिकने सांगितला. माझ्यापर्यंत त्यातलं फार थोडं पोचलं होतं.

“काय रे, कोणी शिक्षा केली?” काका म्हणाले.

मला ‘परीक्षा’ ऐकू आलं. “झाली काका, मागेच. पास झालो.”

“शिक्षेत पास?” काकांनी मेकॅनिककडे बघितलं. मेकॅनिक मुद्दाम चाकाखाली काहीतरी शोधायला लागला. मग काकांची नजर माझ्या मानेमागून निघालेल्या नळ्यांवर गेली. “आणि हे काय, स्टेथोस्कोप? इंजिन आजारी आहे का?”

‘इंजिन’ तेवढं मला स्पष्ट कळलं. “काल जरा खोकत होतं. आता बरं आहे.”

“तरी एकदा तपासून घेतलेलं बरं,” काका म्हणाले. त्यांचं समाधान झालं होतं. मी सुटलो असतो. पण नेमका त्याच वेळी माझा डावा बोळा टुणकन बाहेर आला, तसा मी सगळा हेडसेट उतरवला, आणि काकांना वस्तूचं खरं स्वरूप कळलं.

“बघू,” म्हणून त्यांनी तो घेतला. मला वाटलं, हातात धरून बघतील. काकांच्या कानांत केसांची भरघोस लागवड आहे. तिच्यातून वाट काढत त्यांनी माझा कोरा, नुकता वळलेला बोळा आत सारला. माझ्यापेक्षा चांगला बसला, हे विशेष. पाळी ओढावी लागली नाही, अर्धा मिनिट थांबावं लागलं नाही.

“काहीच ऐकू येत नाही!” काका ओरडले.

“तेच हवंय, काका.”

“काय?”

“तेच हवंय!”

“यात नवं काय?” काका म्हणाले. “असले बोळे केव्हापासून मिळतात.” मग दोन पावलं मागे जाऊन त्यांनी मला नीट न्याहाळलं. “हे बघ, तुला बरं वाटो न वाटो. पायलट म्हटलं की डोक्यावर काहीतरी दिसायला पाहिजे. शेजारी बसणारा माणूस त्या भरवशावर बसतो. यात तू टेलिफोनवर बसलेला दिसतोस. वजनदार घे. वजनदार घेतलास की माणूस पण वजनदार वाटतो.”

मी पन्नास ग्रॅमचं महत्त्व सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्या कानात बोळा होता. सांगून उपयोग नव्हता. बोळा नसतानाही झाला नसता.

त्यांनी हेडसेट परत दिला तेव्हा त्या बोळ्याचा रंग बदललेला होता. मूळ रंग पिवळा नव्हता, एवढंच सांगतो. मी तो चिमटीत धरून नळीवरून काढला आणि “राहू द्या तुम्हालाच” म्हणालो. काकांनी तो भेट मिळाल्यासारखा खिशात टाकला.

नवा बोळा लावून उडालो. रेडिओ चेकला विमानतळाच्या टॉवरने ‘रीडेबल थ्री’ सांगितलं, म्हणजे पाचपैकी तीन, म्हणजे बोलणं कळतंय पण कष्टाने. घरी मला इतका वरचा दर्जा कधी मिळालेला नाही. याचंही कारण बोळाच. कान गच्च बंद असले की आपलाच आवाज हाडांतून डोक्यात घुमतो. आपण फार मोठ्याने बोलतोय असं वाटून माणूस आपोआप आवाज खाली आणतो. त्यात हा माइक ओठांपासून जेमतेम बोटभर नव्हे, पाव बोट अंतरावर हवा, आणि त्याची दांडी इतकी नाजूक की मान वळवली की तो गालाशी बोलायला लागतो. ‘से अगेन’, ‘से अगेन’ करत टॉवरवाला कंटाळला. मग तो माझ्याशी फार सावकाश बोलायला लागला. हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

बेस लेगवर, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्यावर, वळताना धावपट्टी बघायला मान फिरवली आणि डावा बोळा निसटला. एक हात योकवर, एक थ्रॉटलवर. अर्ध्या डोक्यात शांतता आणि अर्ध्या डोक्यात शंभर-दीडशे घोडे. उजव्या कानाचं दुखणं बरोबर उलट. खाली उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो. बोळा फार घट्ट असेल तर त्याच्या आणि पडद्याच्या मधली हवा कमी दाबाचीच राहते आणि बोळा आणखी आत ओढला जातो. एक कान वस्तू ठेवून घेईना, दुसरा सोडीना.

कारण साधं आहे. माझे दोन कान एका मापाचे नाहीत. बहुतेकांचे तंतोतंत नसतातच. पण बोळे जोडीने मिळतात. छोटी जोडी, मध्यम जोडी, मोठी जोडी. शिवाय पाकिटावर आवाज किती अडेल याचा एक दिमाखदार आकडा असतो. तो प्रयोगशाळेत, जाणत्या हातांनी नीट बसवलेल्या बोळ्याचा. नायॉशचाच 1998 मधला सल्ला होता की फोमच्या बोळ्यांचा छापील आकडा निम्मा धरा. 29 छापलं असेल तर साडेचौदा. मग साडेचौदा छापा ना! विक्रेत्याला पुन्हा विचारलं तर या खेपेला उत्तर तत्परतेने आलं: कानाचा साचा देऊन खास मापाचे बोळे करून घ्या, ते वेगळे विकत मिळतील.

आणि सगळ्यात डोकं फिरतं ते क्लबातल्या बुजुर्गांनी. ‘आम्ही आमच्या काळात कानाला काही न लावता उडवलं, काय बिघडलं?’ हे ते फार मोठ्या आवाजात सांगतात. मोठ्या आवाजात का, ते त्यांना कोणी सांगत नाही, आणि सांगितलं तर ‘काय?’ म्हणतात. आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. ती एकदम जातही नाही. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, मग गर्दीत समोरच्याचे शब्द लागेनासे होतात, आणि माणूस म्हणतो, हल्ली लोक पुटपुटतात. अशी माणसं मला हलक्या हेडसेटवरून हसतात. हसू देत. त्यांना त्यांचं हसणं तरी नीट ऐकू येतंय का, मला शंका आहे.

सध्या उजव्या कानात छोटा आणि डाव्यात मोठा, अशी व्यवस्था बसवली आहे. परवा धावपट्टीभोवती दोन्ही टिकले. पण घरात एकेकट्या बोळ्यांचा ढीग जमतोय. ज्याचा उजवा कान मोठा आणि डावा लहान असेल अशा वैमानिकाने कळवावं, पाकिटं निम्मी निम्मी वाटून घेऊ. काकांनी अर्ज आधीच केलाय, पण त्यांना ते झोपताना हवे आहेत, आणि आपले केव्हाच वापरून झालेले बोळे ते बदलून मागतायत.