गोळी योजनेत बसत नाही

आमच्या शेजारचे मामा सोमवारी आणि गुरुवारी पहाटे साडेचारला उठतात. सहाची एसटी धरायची, जिल्ह्याच्या गावी चार तास मशीनला लागायचं आणि दुपार कलल्यावर कसंबसं घरी येऊन बाजेवर पडायचं. डायलिसिस. दोन वर्षं झाली. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत होतं, पैसे लागत नाहीत. सोबत मामी जातात, म्हणजे आठवड्यातले दोन दिवस दोन माणसांची मजुरी बुडते. ती मात्र कुठल्याच सरकारी हिशेबात येत नाही.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकतीस वर्षं फार्मासिस्ट होतो, आता निवृत्त. मामांचं बीपी बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्याच रजिस्टरात चढलं. अ‍ॅम्लोडिपिन, रोज एक. पहिलं वर्ष बरं गेलं. नंतर कधी महिनाभर गोळी नाही, कधी तीन महिने. मी स्टॉकबुकात 'शिल्लक निरंक' लिहायचो, वर इंडेंट म्हणजे मागणीपत्र धाडायचो आणि खिडकीतून सांगायचो, "मामा, पुढच्या हप्त्यात येईल, तोवर मेडिकलमधून घ्या." ते एकदा घेत, दोनदा घेत, मग कापूस वेचणीच्या धांदलीत राहून जाई. एकदा सरळच म्हणाले, "दवाखान्यात गोयीच नसते त कायले येऊ बापा? डोकं दुखत नाई, चक्कर येत नाई. बराच त हाओ मी."

किडनी तेवढ्यामुळेच गेली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. कंबर धरली की सुई टोचून घेणं, निंदणाच्या दिवसांत पेनकिलर चण्यासारख्या खाणं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. पण ते 'निरंक' माझ्या अक्षरात आहे.

हे सगळं आठवायचं कारण, गेल्या हप्त्यात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झालेली चर्चा. पुण्याहून आलेले एक जावईबापू म्हणाले, "एवढं फुकट वाटलं तर हे टिकणार किती दिवस?" राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत झाल्या, त्यावरून विषय निघाला होता. सगळे त्यांच्यावर तुटून पडले. मी गप्प राहिलो, कारण प्रश्न चुकीचा नव्हता. औषध फुकट मिळतं याचा अर्थ त्याचे पैसे दुसरं कोणीतरी भरतं, हे मी स्टोअर सांभाळलेला माणूस विसरू शकत नाही. फक्त जावईबापू खर्च मोजायला फार उशिरा बसले होते.

आता माझा हिशेब. बीपीची ही गोळी सरकारी खरेदीत रुपयाच्या आत पडते. पूर्ण रुपयाला धरली तरी माणशी वर्षाचे ३६५. डायलिसिसच्या एका फेरीला हजारच रुपये धरू. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाच्या १०४ फेऱ्या, १ लाख ४ हजार रुपये, आणि हे जन्मभर. एका माणसाच्या एका वर्षाच्या डायलिसिसमध्ये २८४ माणसांची वर्षभराची गोळी येते. आमच्या गावात बीपीचे एवढे पेशंटही नाहीत. कोणी म्हणेल, त्या २८४ जणांची किडनी थोडीच जाणार होती? खरं आहे, बहुतेकांची गेली नसती. पण त्यातल्याच कोणाला लकवा मारतो, कोणाच्या हृदयावर येतं, आणि तो खर्चही फिरून त्याच तिजोरीवर पडतो.

गंमत बघा. महात्मा फुले योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपले गडचिरोली आणि अमरावती होते. २०१७ मध्ये नाव बदललं. दीड लाखाचं कवच पुढे पाच लाखांचं झालं, सगळ्या कुटुंबांना लागू झालं. चांगलंच झालं, ती नसती तर मामा आज नसते. पण हॉस्पिटलातला मोठा उपचार लागल्याशिवाय तिचा उपयोग नाही. रोजची गोळी तिच्यात बसत नाही. किडनी जाईपर्यंत तुमच्यासाठी रुपया निघायला महिने लागतात आणि गेली की लाख निघतात, त्यातले बरेच खाजगी हॉस्पिटलांकडे. कवच पाचाचं दहा लाख करा, माझी ना नाही, पण या वाटेने पैसा कधीच पुरणार नाही.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्य खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू आणि त्यातला दोन तृतीयांश किंवा जास्त प्राथमिक सेवेवर घालू. २०२१-२२ चा सरकारी आकडा १.८४ टक्के आहे. त्याच वर्षी देशाच्या एकूण आरोग्य खर्चातले ३९.४ टक्के लोकांनी खिशातून भरले. आपल्याकडे खिसा म्हणजे घरात साठवलेला कापूस, नाहीतर सोनाराकडे ठेवलेली पोत.

लोक काहीच द्यायला तयार नसतात, हेही मला पटत नाही. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीवर आरोग्य विमा चालवला होता. सुगी झाली की घरटी ज्वारी गोळा व्हायची, ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा जास्त. लोक द्यायचे, कारण गावात काम करणारा माणूस दिसायचा आणि दवाखान्यात गेल्यावर ओळख लागायची. (आता मागितली तर ज्वारी कुठून आणतील? सगळीकडे सोयाबीन.) मात्र त्या ज्वारीवर हॉस्पिटल चालत होतं असं कोणी समजू नये. तिथल्या संस्थेचा निम्मा खर्च केंद्र सरकार आणि पाव राज्य सरकार उचलतं. लोकवर्गणीने विश्वास जमतो. डॉक्टरांचे पगार तिच्यातून निघत नाहीत.

पगारावरून आठवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा इथल्या नव्या मेडिकल कॉलेजांचं एकदमच उद्‌घाटन झालं. आनंद आहे. पण इमारत एकदा बांधायची असते आणि प्राध्यापक, नर्स, सफाई कामगार यांचा पगार दर महिन्याला लागतो. अर्थसंकल्पात त्याला आवर्ती खर्च म्हणतात. त्याची कोनशिला बसत नाही, म्हणून फीत कापायला कोणी येत नाही. तिकडे आशाताई मानधनासाठी आंदोलनाला बसतात. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत दाखवून दिलं होतं की गावातलीच शिकवून तयार केलेली बाई बाळंतिणीच्या घरी गेली तर बालमृत्यू हजारी १२१ वरून ३० वर येऊ शकतो. यापेक्षा स्वस्त आरोग्यसेवा कोणती असेल, मला माहीत नाही. आणि तिच्याच पैशासाठी घासाघीस!

औषधाचंही असंच. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीचं महामंडळ काढलं. प्रत्येक दवाखान्याला पासबुक, त्यात त्याच्या वाट्याची रक्कम, आणि जिल्ह्याच्या गोदामातून लागेल तसं औषध उचलायचं. एवढंच. माझ्या आयुष्यात मला ते पासबुक मिळालं असतं तर! आमच्याकडे मी मागायचो बीपीची गोळी आणि मार्च एन्डला गाडीतून उतरायचे खोकल्याच्या औषधाचे खोके, तेही चार महिन्यांनी एक्सपायर होणारे. उतरवून घेतले नाहीत तर ग्रँट परत जाते, म्हणून सही करायची. त्या सह्याही माझ्याच.

परवा आशाताईंनी मामींचं बीपी मोजलं. १६० वर १००. मामी म्हणाल्या, "मले काई होत नाई, त्याइचं पाहू द्या पह्यले." मी आज सकाळी केंद्रात फोन करून गोळीचा स्टॉक विचारला. माझ्या जागी आलेला पोरगा चांगला आहे, उठून कपाट बघून आला. म्हणाला, "काका, पंधरा दिवसांची आहे. इंडेंट पाठवलाय."