डोकी मोजून धर्म खरा ठरत नाही

सध्या एक दावा जोरात फिरतो आहे: "कोट्यवधी लोक चुकीचे असूच शकत नाहीत. जो धर्म सर्वांत मोठा आणि सर्वांत वेगाने वाढणारा, तोच खरा." दोन-तीन धर्मांचे लोक तो आपापल्या बाजूने वापरतात.

"सर्वांत मोठा" हे आधी घेऊ. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या अंदाजाने २०१० मध्ये ख्रिस्ती सुमारे २२० कोटी, जगाच्या ३१ टक्के होते. म्हणजे ६९ टक्के लोक तो धर्म मानत नव्हते. बहुमत हीच कसोटी धरली तर पहिल्या क्रमांकाचाच धर्म नापास होतो.

"कोट्यवधी लोक चुकत नाहीत" यामागे एक खरा गणिती विचार आहे. तो कॉन्डोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये मांडला. हो-नाहीच्या प्रश्नावर प्रत्येक जण ६० टक्के वेळा बरोबर ठरत असेल, तर तिघांचं बहुमत ६४.८ टक्के वेळा बरोबर येतं आणि १०१ जणांचं सुमारे ९८ टक्के वेळा. पण एक कडक अट आहे: प्रत्येकाने स्वतंत्रपणे ठरवलेलं हवं. बाकीच्या शंभरांनी पहिल्याचंच उत्तर उतरवलं, तर पुन्हा ६० टक्केच. आणि प्रत्येकाची अचूकता ४० टक्के असेल, तर १०१ जणांचं बहुमत ९८ टक्के वेळा चुकतं. धर्म बहुतेकांना घरातून मिळतो. जनगणनेत तान्ह्या बाळाचा धर्मही घरचे सांगतील तोच लिहिला जातो. कोटींचा आकडा म्हणजे कोटी स्वतंत्र निर्णय नव्हेत.

"वाढतो म्हणून खरा" हेही टिकत नाही. वाढीत जननदर आणि तरुणांचं प्रमाण यांचाच वाटा मोठा असतो. पारशी १९५१ मध्ये भारतात १ लाख ११ हजारांवर होते, २०११ मध्ये ५७,२६४. कारणं उशिरा होणारी लग्नं, कमी मुलं आणि बाहेरच्याला धर्मात न घेण्याचा रिवाज. पुण्याच्या नाना पेठेतल्या अग्यारीतली (पारशी मंदिरातली) प्रार्थना त्यामुळे निम्मी खोटी झाली का? अर्थात, लहान धर्म लहान आहे म्हणून खरा, हेही तितकंच चूक.

बौद्धांचं उदाहरण तर आपल्या दारातलं. महाराष्ट्रात १९५१ मध्ये ते अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ मध्ये सुमारे २८ लाख. दहा वर्षांत बुद्धाच्या शिकवणुकीतलं अक्षरही बदललं नव्हतं. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि दीक्षा घेतली १९५६ मध्ये. मधली २१ वर्षं तुलना आणि अभ्यासाची. २५ डिसेंबर १९५४ ला पुण्याजवळ देहूरोडला त्यांनी बुद्धमूर्ती बसवली, तेव्हा महाराष्ट्रात मोजायला बौद्धांची डोकी जवळजवळ नव्हतीच.