पस्तीस नळ्या, त्यांतली एक गोव्याची

मोझांबिकची राजधानी मापुतो. तिथल्या मुख्य चौकात देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांचा भलाथोरला ब्राँझचा पुतळा आहे, उत्तर कोरियात घडवलेला. बोट वर केलेलं, अंगावर लष्करी वेश. पुतळ्यांची हौस असलेल्या आपल्यासारख्यांना तो लगेच आवडेल. मला मात्र त्यांचं दुसरं स्मारक जास्त मोलाचं वाटतं. ते त्यांच्या देशात नाहीच. ते दक्षिण आफ्रिकेत आहे, मोझांबिक आणि स्वाझीलँडच्या (आताचं एस्वातिनी) सीमा जिथे जवळ येतात त्या कोपऱ्यात. कोमाटीपोर्टहून दक्षिणेला उसाच्या मळ्यांतून निघायचं, लेबोंबोच्या डोंगरात चढायचं, की म्बुझिनी नावाचं खेडं लागतं. मुद्दाम वाट वाकडी केल्याशिवाय कुणी तिथे पोचत नाही.

१९ ऑक्टोबर १९८६ च्या रात्री माशेल यांचं तुपोलेव विमान इथे डोंगरावर आदळलं. झांबियातली बैठक आटोपून ते मापुतोला परतत होते. पस्तीस माणसं गेली. वास्तुकार जोझे फोर्जाझ यांनी म्हणून पस्तीस पोलादी नळ्या उभ्या केल्या. नळ्यांना खाचा आहेत, वारं सुटलं की त्या घुमतात. राष्ट्राध्यक्ष, मंत्री, वैमानिक, अंगरक्षक, सगळ्यांच्या वाट्याला एकेक नळी. १९९९ च्या जानेवारीत मंडेलांनी उद्घाटन केलं तेव्हा माशेल यांच्या पत्नी ग्रासा त्यांच्या शेजारी होत्या, आता मंडेलांच्या पत्नी म्हणून.

‘इतक्या लांब कोण जाणार?’ हा प्रश्न मला पटत नाही. जागा हलवली तर प्रकरणही हलतं. विमान पडलं कसं, याचा निकाल अजून लागलेला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या मार्गो आयोगाने वैमानिकांवर ठपका ठेवला. सोव्हिएत तज्ज्ञांचं म्हणणं, दिशा दाखवणाऱ्या खोट्या रेडिओ संकेताने (बीकनने) विमानाला वाट चुकवली. पुढे वर्णभेद संपल्यावर नेमलेल्या सत्य आणि सलोखा आयोगालाही ठाम निष्कर्ष काढता आला नाही. आणि दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर संशयाला जागा होतीच. १९८४ मध्ये याच भागात कोमाटी नदीकाठी माशेल आणि दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान बोथा यांनी करार केला होता: मोझांबिकने वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला आसरा द्यायचा नाही, दक्षिण आफ्रिकेने मोझांबिकमधल्या रेनामोच्या बंडखोरांना रसद द्यायची नाही. प्रिटोरियाने, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने, तो पाळला नाही. अशा वेळी राजधानीतला पुतळा बोट दाखवून मोकळा होतो. डोंगरातल्या नळ्या मात्र माणसाला घटनास्थळी उभं करतात.

आता माझा खरा मुद्दा. त्या पस्तिसांत एक गोंयकार होता. आकिनो द ब्रागांसा, जन्म १९२४, गोवा. पोर्तुगीज वसाहतींमधल्या स्वातंत्र्य चळवळींनी १९६१ मध्ये कॅसाब्लांकात एकत्र येऊन संघटना उभारली, तिच्यात गोव्याचे गटही होते आणि आकिनोही. पत्रकार आणि अभ्यासक. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये लष्कराने हुकूमशाही उलथवली, तेव्हा नव्या अधिकाऱ्यांचा अंदाज घ्यायला माशेल यांनी यांनाच पाठवलं. स्वतंत्र मोझांबिकच्या विद्यापीठात आफ्रिकन अभ्यास केंद्राचे ते संचालक. त्याच केंद्रात १९८२ मध्ये पार्सल बाँबने दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदविरोधी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट यांचा बळी घेतला. त्या स्फोटात आकिनो जखमी झाले, पण वाचले. चार वर्षांनी म्बुझिनीने गाठलं.

एवढा माणूस, आणि आपल्याकडे विचारा, किती जणांना नाव माहीत आहे? (कॉलेजात मीही कधी ऐकलं नव्हतं. आमच्या इतिहासात आफ्रिका म्हणजे गांधीजी आणि मॅरिट्झबर्गचं स्टेशन, संपलं.) दरवर्षी १९ डिसेंबरला गोव्यात मुक्तिदिनाची भाषणं होतात, ती १९६१ ला येऊन थांबतात. पोर्तुगीजांना आफ्रिकेतून जायला आणखी चौदा वर्षं लागली, आणि ती सगळी वर्षं एक गोंयकार तिथल्या लढ्यात होता. शाळेच्या पुस्तकात त्याला एक परिच्छेद द्यायला काय हरकत आहे? गोव्यात हुतात्म्यांची स्मारकं आहेत, रस्त्यांना नावंही देऊन झाली. एखादा रस्ता यांच्यासाठीही शोधा की.